दुसऱ्यांदा गावात जाणारा माणूस

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात पाऊल टाकले, की डोळ्यांना सुख वाटते. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाची शेते पिवळी पडलेली असतात. हलक्या धानाची कापणी चालू असते. तलावांचा जिल्हा म्हणून याची ख्याती; ते तलाव काठोकाठ भरलेले असतात. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीतली नाटके रात्र रात्र रंगतात. बायाबापड्या, म्हातारीकोतारी घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघतात. रंगमंचावर खून होतो, पोलीस येतात, शेवटच्या प्रवेशात खुनी सापडतो आणि प्रेक्षक समाधानाने घराकडे वळतात.

पण त्याच जिल्ह्यात काही नाटके अशी घडून गेली आहेत, की ज्यांचा शेवटचा प्रवेश अजून झालेला नाही.

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा अंक ठेवून बसलेल्या आपल्यासमोर असला विषय मांडावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु सकाळच्या चहाबरोबर खुनाची बातमी आपण सारेच वाचतो. एका घोटात ती वाचून होते, दुसऱ्या घोटात विसरून जाते. ती बातमी आपल्यापर्यंत पोहोचवतो कोण, आणि आपण विसरून गेल्यावर तिचा पाठपुरावा करतो कोण, याची चौकशी मात्र आपण कधी करीत नाही. ती आज करू.

कोण हा वार्ताहर?

मोठ्या शहरातला पत्रकार आपल्या ओळखीचा आहे. त्याला पगार असतो, कचेरी असते, वर संपादक आणि मागे वकील असतो. तालुक्याच्या गावचा वार्ताहर हा निराळाच प्राणी! बहुधा तो मुळात वृत्तपत्राचा एजंट असतो. पहाटे गठ्ठे उतरवून घ्यायचे, पोरांकरवी घरोघर अंक टाकायचे, महिनाअखेर वसुली करायची आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवायच्या. बातमीबद्दल मिळणारे मानधन इतके किरकोळ असते, की त्यावर घर चालणे कठीण. घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी आली की गावातले पुढारी, सोसायटीचे अध्यक्ष, राइस मिलचे मालक ‘हार्दिक शुभेच्छां’च्या जाहिराती देतात आणि त्या गोळा करीत तो सायकलवर किंवा मोटारसायकलवर हिंडतो.

आता गंमत पाहा. ज्यांच्याकडून जाहिरात घ्यायची, त्यांच्याच गावातल्या गुन्ह्याची बातमी त्याला द्यायची असते. ज्या ठाण्यावरून रोज संध्याकाळी बातमी घ्यायची, त्याच ठाण्याची चूक त्याला दाखवायची असते. शिवाय तो त्याच गावात राहतो. त्याची मुले तिथल्याच शाळेत जातात. त्याच्या घराचा दरवाजा सर्वांना ठाऊक असतो.

म्हणून बहुतेक वेळा तो सोपा मार्ग धरतो. संध्याकाळी ठाण्यात जायचे, अंमलदार सांगेल ते उतरून घ्यायचे आणि नागपूरला धाडून द्यायचे. त्याला दोष देण्याआधी, त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे.

पहिली बातमी

या सोप्या मार्गाची किंमत किती मोठी असते, हे भंडारा जिल्ह्यानेच साऱ्या देशाला दाखविले.

मोहाडी तालुक्यात खैरलांजी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे भैयालाल भोतमांगे यांचे बौद्ध कुटुंब राहत असे. पत्नी सुरेखा, बारावीत शिकणारी मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे. घर कच्च्या विटांचे, शेती जेमतेम पाच एकर. पण मुलांना शिकवायचेच, ही आईची जिद्द. शेतातून जाणाऱ्या वाटेवरून गावातल्या काही लोकांशी तंटा होता. सप्टेंबर २००६ च्या आरंभी या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. सुरेखा आणि प्रियांका या मायलेकींनी त्या मारहाणीची साक्ष दिली. २९ सप्टेंबर रोजी त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. भैयालाल तेवढे वाचले. पुढच्या दिवसांत आई आणि तिन्ही मुलांची प्रेते कालव्यात सापडली.

चार माणसांचे एक कुटुंब संपले, आणि पहिली बातमी काय छापून आली? अनैतिक संबंधांवरून गावकऱ्यांचा संताप आणि त्यातून हत्या! मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर चार ओळी टाकून प्रकरण आटोपले. हे कुणी सांगितले? ज्यांना बोलायला तोंड होते, त्यांनी. ज्यांना वेगळे सांगायचे होते, त्या चौघांची तोंडे कायमची बंद झालेली होती. पाचवा माणूस भेदरून दुसऱ्या गावी बसला होता.

त्याच आठवड्यात, २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. खैरलांजीपासून नागपूर काही फार दूर नाही. तरी त्या गर्दीतल्या बहुतेकांच्या कानी ही वार्ता गेली नव्हती. वृत्तपत्र होते, वार्ताहर होता, तारायंत्राचा काळ जाऊन खिशात टेलिफोन आला होता; आणि तरीही बातमी पोहोचली नाही.

ती पोहोचली ती दुसऱ्यांदा गावात गेलेल्या माणसांमुळे. काही कार्यकर्ते, सत्यशोधन समित्या आणि थोडे पत्रकार गावात गेले, भैयालालांना भेटले, ठाण्यातल्या नोंदींची वेळ आणि घटनेची वेळ ताडून पाहू लागले. प्रेते उकरून दुसऱ्यांदा तपासावी लागली. घटनेला महिना होत आला, तेव्हा मोठ्या शहरांतल्या वृत्तपत्रांतून सविस्तर वृत्तांत येऊ लागले. नोव्हेंबरात महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले. पोलीस व वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली.

म्हणजे खुनी सापडले, शिक्षा झाली. मग न सुटलेले काय राहिले? पुष्कळ राहिले. हा जातीय अत्याचार आहे, असे या दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. मायलेकींवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून कुणालाही शिक्षा झाली नाही. पहिल्या चोवीस तासांत जे टिपायचे असते, ते सुटले की नंतर कितीही मोठी यंत्रणा आली तरी ते परत मिळत नाही. भैयालाल वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. जानेवारी २०१७ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

विहीर

दुसरे प्रकरण याहून अवघड. त्यातल्या कुणाचेही नाव, गावाचेही नाव, आम्ही येथे देणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

लाखनी तालुक्यातल्या एका गावातून १४ फेब्रुवारी २०१३ रोजी तीन सख्ख्या बहिणी नाहीशा झाल्या. सगळ्यांत मोठी अवघी अकरा वर्षांच्या आसपासची. दोन दिवसांनी तिघींची प्रेते विहिरीत सापडली. आरंभी हा अपघातच असावा, असे धरून काम चालले. लोकांना ते पटले नाही. संतापलेले गावकरी मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर येऊन बसले आणि वाहतूक थांबली, तेव्हा कुठे नागपूर-मुंबई-दिल्लीला जाग आली. त्याआधी दोनच महिने दिल्लीतल्या एका तरुणीवरील अत्याचाराने देश हादरलेला होता. शवविच्छेदनाच्या आधारे अत्याचार आणि खून झाल्याचे सांगण्यात आले. स्थानिक पोलीस अधिकारी निलंबित झाला. मंत्री आले, मदत जाहीर झाली, कॅमेरे आले. पंधरा दिवस त्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती.

१ मार्च २०१३ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेत निवेदन केले आणि त्यात चक्क त्या मुलींची नावे वाचली! विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी हरकत घेतली. अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख जाहीर करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने वृत्तपत्रांवरही तेच बंधन घातले आहे. ती नावे कामकाजातून काढून टाकण्यात आली. जी चूक देशाच्या सर्वोच्च सभागृहात झाली, ती टाळण्याची जबाबदारी तालुक्याच्या वार्ताहरावरही असते. आमच्या मौनाचे कारण हेच.

पंधरा दिवसांनी कॅमेरे गेले. तपास चालू राहिला, त्याची सूत्रे वरिष्ठ यंत्रणांकडे गेली. परंतु त्या तीन मुलींच्या मृत्यूबद्दल आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. त्या विहिरीपाशी नक्की काय घडले, याला न्यायालयाच्या शिक्क्याचे उत्तर मिळालेले नाही. ज्या आईच्या तीन लेकी गेल्या, तिला दर वर्षी फेब्रुवारी महिना येतोच.

अपघात की घात?

आता वाचक विचारतील, की पोलिसांना आणि डॉक्टरांना जे साधले नाही, ते बिचारा वार्ताहर काय साधणार? खरे आहे. कादंबरीतल्या गुप्त पोलिसासारखा भिंग घेऊन तो खुनी शोधू शकत नाही, आणि त्याने तसे करूही नये. त्याचे काम वेगळे आहे. ज्यांचे काम शोधण्याचे आहे, ते शोधताहेत की नाही, हे पाहणे.

त्यासाठी त्याला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. प्रेत सापडले, की पोलीस प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करतात. मग पंचांसमक्ष दोन पंचनामे होतात, एक जागेचा आणि एक प्रेताचा. त्यानंतर शवविच्छेदन. संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयवांचे भाग, राखून रासायनिक तपासणीला पाठवितात. हे सारे झाल्यावर अकस्मात मृत्यूच्या वहीतून प्रकरण गुन्ह्याच्या वहीत जाते किंवा जात नाही. सारा खेळ या दोन वह्यांमधल्या अंतराचा आहे! ज्या प्रेताला दोन दिवस ‘अकस्मात’ म्हटले, त्याच्या भोवतालची जागा दोन दिवस उघडी राहते. बघ्यांचे पाय उमटतात, पाऊस येतो, विहिरीवर बादल्या पडतात.

विहिरीचेच उदाहरण घ्या. माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता की आधीच मेलेला होता, हे कसे ओळखावे? पाण्यात डायॅटम नावाचे, डोळ्यांना न दिसणारे शेवाळ असते. त्याचे कवच काचेसारखे टणक असते. बुडणारा जीव धडपडत श्वास घेतो, तेव्हा ते कण फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतात. आधीच मेलेल्या देहात रक्ताभिसरण नसते. ते कण तिथवर जात नाहीत. पण हाडातले कण त्याच विहिरीतले आहेत हे ताडायचे, तर त्या विहिरीच्या पाण्याचा नमुना वेळेवर घेतलेला असला पाहिजे. या एकाच तपासणीवर सर्व तज्ज्ञ भिस्त ठेवीत नाहीत. तिचा निष्कर्ष इतर पुराव्यांशी जुळवून पाहावा लागतो. तरीही ‘पाण्याचा नमुना घेतला का हो, साहेब?’ हा एक साधा प्रश्न वार्ताहराने पहिल्याच संध्याकाळी विचारला, तर निदान ठाण्यात कुणाला तरी त्याची आठवण होते. बातमीदाराचा प्रश्न कधीकधी बातमीपेक्षा मोलाचा असतो, तो असा.

फाइल कुठे जाते?

खुनी सापडलाच नाही तर पुढे काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. आपल्या राज्यात पोलीस न्यायालयाकडे जो अखेरचा अहवाल पाठवितात, त्याला ‘समरी’ म्हणतात. फिर्याद खोटी आणि कुरापतीची निघाली तर ‘ब’ समरी. गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’ समरी. आणि गुन्हा खरोखर घडला, पण तो कुणी केला हे कळले नाही, तर ‘अ’ समरी.

‘गुन्हा खरा, गुन्हेगार अज्ञात.’ चार शब्दांत सारे आले नाही का? ती फाइल दप्तरात बांधली जाते. अधिकारी बदलून जातात. नव्याला जुन्याची माहिती नसते. पण कायद्यात एक दिलासा आहे, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा: खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. नवा पुरावा पुढे आला, की वीस वर्षांनीसुद्धा ती फाइल उघडून पुढचा तपास करता येतो. दप्तराची गाठ सोडायला कुणीतरी सांगावे मात्र लागते.

इथे पुन्हा तो मोटारसायकलवरचा माणूस आठवतो. २००५ साली माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांच्या अर्जावर, तपास कुठवर आला, नमुने कोणत्या तारखेला पाठविले, अहवाल कोणत्या तारखेला आला, हे विचारता येते. चालू तपासातल्या काही गोष्टी पोलीस नाकारू शकतात, पण तारखा विचारण्याची सोय तरी झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नाजूक प्रकरणे वगळून, प्रत्येक फिर्याद चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्यास सांगितले. जेथे टेलिफोनचे जाळे पोहोचणे कठीण, तेथे थोडी सवलत दिली. अंमलदाराच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे दिवस निदान कागदावर तरी संपले आहेत.

आणि शेवटचे हत्यार अगदी साधे आहे: भिंतीवरचे कालनिर्णय. ज्या दिवशी घटना घडली, त्या दिवशी दर वर्षी गावात जाऊन यायचे. घरच्यांना भेटायचे. ठाण्यात जाऊन विचारायचे, ‘त्या प्रकरणात काही पुढे झाले का?’ उत्तर ‘तपास चालू आहे’ असेच येणार. तेच छापायचे. पुढल्या वर्षी पुन्हा. ज्या फाइलविषयी कुणी विचारतो, ती कपाटात फार मागे सरकवता येत नाही.

त्याची किंमत

हे सांगायला सोपे आहे. कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे नावाचे असेच एक स्थानिक पत्रकार होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला एका जीपने धडक दिली; दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांनी बातमी दिली होती तोच ती गाडी चालवीत होता, असा आरोप झाला आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केलेले होते. कायदा पुस्तकात होता, जीप रस्त्यावर होती.

म्हणून खैरलांजीची पहिली बातमी लिहिणाऱ्याला आपण सरसकट दोषी ठरवू नये. पण त्याला मोकळेही सोडू नये. भीती असेल, घाई असेल, जाहिरातीची अडचण असेल. तरी मेलेल्या बाईच्या चारित्र्याबद्दलची ती ओळ गाळता आली असती. एवढ्याने कुणी त्याच्या घरावर चालून आले नसते. माहीत नसलेले न लिहिणे, एवढे धैर्य प्रत्येकाला परवडण्यासारखे असते.

आणि आपण, वाचक? आपलाही यात वाटा आहेच. ‘अनैतिक संबंधातून खून’ हा मथळा वाचून आपण मान हलवतो आणि पान उलटतो. जणू त्या दोन शब्दांत सारा खुलासा झाला. पहिल्या दिवशीच्या बातमीवर आपली भूक भागते, म्हणून वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशीची बातमी देत नाहीत. तालुक्याच्या एका वार्ताहराने सातव्या वर्षी त्याच विहिरीविषयी आठ ओळी धाडल्या, तर संपादक म्हणणार, ‘आता यात नवीन काय?’ वाचकाने तेच म्हटले नाही, तर संपादकही कदाचित म्हणणार नाही.

हा अंक आपल्या हाती असेल, तेव्हा भंडारा जिल्ह्यात मंडया भरत असतील. नाटकांचे पडदे वर जात असतील. गावातला वार्ताहर शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करून थकून घरी आलेला असेल. त्याच्या भिंतीवरचे कालनिर्णय अजून चालू वर्षाचे आहे. थोड्या दिवसांत नवे येईल. त्यातल्या फेब्रुवारीच्या पानावर एका तारखेभोवती तो पेन्सिलीने गोल काढील का? त्याने तो काढावा, आणि ती आठ ओळींची बातमी आली तर आपण ती शेवटपर्यंत वाचावी, एवढेच या दिवाळीला मागणे.